जागा ठरवण्याची घाई



मारियानो रिव्हेरा हा पनामातल्या पुएर्तो कायमितो या कोळ्यांच्या गावचा. वडील मासेमारीच्या बोटीवर. दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा ग्लव्ह करून हा पोरगा बेसबॉल शिकला. मोठा होऊन शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी, खेळू लागला. एका सामन्यात संघाच्या पिचरची धुलाई होऊ लागली, तेव्हा चेंडू टाकायला हा आपणहून पुढे झाला. 1990 साली, विशीत, अमेरिकेतल्या यांकीज संघानं त्याला घेतलं ते पिचर म्हणून. हातात आलेला सामना शेवटी निसटू न देणं याला बेसबॉलमध्ये ‘सेव्ह’ म्हणतात. रिव्हेरानं असे 652 केले. दहाव्या वर्षी कुणी त्याला ‘तू शॉर्टस्टॉपच’ असं बजावलं असतं तर?

आठ-नऊ वर्षांच्या संघात काय होतं? चपळ मुलगा शॉर्टस्टॉपला, दांडगा पिचरच्या उंचवट्यावर, आणि ज्याला झेल जमत नाही तो राइट फिल्डला. तिकडे चेंडू क्वचितच येतो. म्हणजे ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तो सर्वांत कमी! मला हे अन्यायाचं वाटतं. त्या वयातलं कौशल्य पुष्कळदा निव्वळ अंगकाठीचं असतं. दोन वर्षांत बाकीची पोरं उंचीनं त्या दांडग्याला गाठतात.

शिवाय मैदानच बदलतं. बारा वर्षांपर्यंत पिचर 46 फुटांवरून टाकतो. मोठ्यांच्या मैदानात तेच अंतर 60 फूट 6 इंच. दोन बेसमधलं अंतर 60 फुटांवरून 90 वर जातं. छोट्या मैदानावरचा शॉर्टस्टॉप मोठ्या मैदानावरून पहिल्या बेसपर्यंत चेंडू पोचवू शकेल की नाही, हे आधी कसं कळणार?

पिचरची गोष्ट तर जास्त नाजूक. वाढत्या हाडांच्या कोपरावर रोज तोच झटका बसतो. 1974 साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातला अस्थिबंध नव्यानं बांधला. आज ती शस्त्रक्रिया शाळकरी मुलांवरही होते. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेनं 2007पासून चेंडू मोजायला लावले: अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला 85, त्यापुढे नाही. चार डाव कॅचर, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणारा, राहिलेल्याला त्या दिवशी पिचिंग बंद.

माझं मत स्पष्ट आहे. बारापर्यंत प्रत्येकानं सगळीकडे खेळावं. मोठ्या मैदानावर दोन वर्षं काढल्यावर, पंधरा-सोळाच्या सुमारास, एक जागा मुख्य मानावी आणि दुसरी हाताशी ठेवावी. डावखुऱ्याला शॉर्टस्टॉपची वाट पुढे जवळजवळ बंदच होते, कारण पहिल्या बेसकडे फेकायला त्याला अंग वळवावं लागतं. कॅचरही सहसा डावखुरा नसतो. पण बेसबॉलमधला दिग्गज बेब रूथ डावखुरा असून बाल्टिमोरच्या शाळेत कॅचर होता, आणि पुढे आधी पिचर, मग आउटफिल्डर झाला.

तुमच्यापैकी काहींची नातवंडं न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात लिटल लीग खेळतात. रविवारी फोन कराल तेव्हा त्यांना विचारा, या मोसमात कुठं कुठं उभा राहिलास? उत्तर दर वेळी एकच आलं, तर मुलाला किंवा सुनेला कोचशी बोलायला जरूर सांगा.