कार्ड आधी की डॉक्टर आधी?



आरोग्यविम्यावर बोलायला कनेरगाव नाक्यासारखी जागा नाही. जिल्हा हिंगोली, पण वाशीमची वेस हाकेवर. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत हिंगोलीही होतं आणि वाशीमही. तरीही सोयाबीन कापताना कुणाला पान लागलं, तर पहिला प्रश्न एकच असतो: गाडी कुणाची मिळेल?

राज्याच्या विमायोजनेला मी नावं ठेवायला आलेलो नाही. २ जुलै २०१२ ला ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर आली, २०१७ पासून महात्मा फुल्यांच्या नावानं चालते. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, ते पाच लाखांवर गेलं. पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही दार उघडलं. हप्ता सरकार भरतं. ज्याच्या बापाचं हृदयाचं ऑपरेशन वावर न विकता झालं, त्याला या योजनेची किंमत विचारा.

पण हे सगळं दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलापर्यंत पोचल्यावर. रेशनकार्ड, आधार, रिपोर्ट, मग मंजुरीची वाट. दवाखाना योजनेत असला पाहिजे, आजार यादीत बसला पाहिजे. शुगरची रोजची गोळी, लेकराचा ताप, गुडघेदुखी यांचं काय? माणूस भरती झाल्याशिवाय विमा सहसा जागा होत नाही, आणि गरिबाचा पैसा थोडाथोडा करून मेडिकलच्या काउंटरवरच संपतो. २०२१-२२ च्या राष्ट्रीय हिशेबात आरोग्यावरच्या एकूण खर्चातला ३९.४ टक्के वाटा लोकांच्या खिशातून गेलेला दिसतो.

काही जण म्हणतात, मग विमा सक्तीचाच करा. जर्मनीत बिस्मार्कनं १८८३ साली केला. अमेरिकेनं २०१० च्या कायद्यानं विमा न घेणाऱ्याला दंड लावला आणि २०१९ पासून तो शून्यावर आणला. आपल्याकडंही सक्ती नवी नाही. प्रा. बी. पी. आडारकरांनी १९४४ साली कामगारांच्या विम्याचा आराखडा दिला. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडं होतं. त्यातूनच १९४८ चा ईएसआय कायदा आला. आज ईएसआय योजनेत कामगाराचा पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. कापून घ्यायला पगार असतो, म्हणून हे चालतं. हळद काढणाऱ्या बाईचं पगारपत्रक कोणत्या साहेबाकडं आहे? तिच्यावर सक्ती म्हणजे नुसती आणखी एक पावती.

तिचा हप्ता शेवटी करातूनच भरायचा आहे. मग माझं म्हणणं सरळ आहे: तो पैसा आधी प्राथमिक आरोग्य केंद्राला द्या, विमा त्याच्या मागून येऊ द्या. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, असं देशाच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या भोर समितीनं १९४६ सालीच सांगितलं होतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही माफ झाले. पण फुकटच्या केसपेपरवर ‘औषध बाहेरून आणा’ असं लिहून मिळालं, तर ती कसली माफी?

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत कार्डांचा आकडा विचारू नका. तुमच्या आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर मुक्कामी असतो का, आणि सर्पदंशावरच्या इंजेक्शनच्या किती बाटल्या शिल्लक आहेत, एवढं विचारा. उत्तर लेखी घ्या.