नोकरी मिळत नाही म्हणून परत कॉलेजला जाऊ का?

आजचा भाग एका मेसेजमुळे करतोय. एकाने लिहिलंय, "दादा, बीटेक होऊन ११ महिने झाले, जॉब नाही. एमटेकचा फॉर्म भरू का? घरचे म्हणतात, तू पळ काढतोयस."

मी हा मेसेज तीनदा वाचला. कारण २०२१ मध्ये मी पण स्वतःला हेच विचारत होतो. त्यामुळे आज सल्ला कमी आणि माझं काय झालं ते जास्त.

मी २०२० च्या बॅचचा, कॉम्प्युटर इंजिनीअरिंग. शेवटचं सेमिस्टर लॉकडाऊनमध्ये बार्शीला घरी बसून संपवलं. कॅम्पसमधून साडेतीन लाखांची ऑफर होती. आईने गल्लीत पेढे वाटलेले. जॉइनिंग आधी ऑक्टोबरवर गेलं, मग जानेवारीवर, आणि फेब्रुवारीत दोन ओळींचा मेल आला. ऑफर रद्द. कंपनीचं नाव घेत नाही, आता घेऊन उपयोग पण नाही.

मग सुरू झालं ऑफ कॅम्पस. माझ्याकडे एक एक्सेल शीट होती, त्यात सगळं लिहायचो. सहा महिन्यांत २१२ अर्ज, ९ कॉल. बऱ्याच फॉर्ममध्ये 'पासिंग इयर' म्हणून जी यादी यायची त्यात २०२१ आणि २०२२ एवढंच असायचं. माझं वर्ष यादीतच नाही! म्हणजे मी नापास होत नव्हतो, मला परीक्षेलाच बसू देत नव्हते.

आणि गावात एकच प्रश्न: "काय मग, पुण्याला कधी?" मी केस कापायला जायचं पण टाळायला लागलो. कारण त्या खुर्चीत बसलं की अर्धा तास उत्तरं देत बसावं लागायचं.

खरं सांगू? एमटेकचा विचार पहिल्यांदा आला तो यासाठीच. "एमटेक करतोय" म्हटलं की लोक गप्प बसतात. शिकायची वगैरे ओढ काही नव्हती, मला फक्त एक उत्तर हवं होतं.

माझे पप्पा एसटी डेपोत मेकॅनिक. रात्री जेवताना त्यांना म्हटलं, पप्पा, मी गेट देतो, पुढे शिकतो. त्यांनी विचारलं, "नोकरी कशानं मिळंना?" मी म्हणालो, "मार्केट खराब आहे."

ते म्हणाले, "ते झालं रस्त्याचं. गाडीत काय गेलंय? आधी खोलून बघ, मग पार्ट आण. अंदाजानं पार्ट बदलणारा गाडी पण घालवतो आन पैसं पण."

मला राग आला होता. पण त्या रात्री मी शीट उघडली आणि नऊच्या नऊ कॉलपुढे लिहिलं, की मी नक्की कुठे पडलो. दोन ठिकाणी इंग्रजी बोलताना अडकलो. एका ठिकाणी ॲप्टिट्यूड. आणि सहा ठिकाणी, सहा, एकाच जागी: ऑपरेटिंग सिस्टीम आणि डेटाबेस.

एक प्रश्न सांगतो. त्यांनी विचारलं, प्रोसेस आणि थ्रेडमध्ये फरक काय? पाठ होतं, धाडकन सांगितलं. पुढचा प्रश्न: दोन थ्रेड एकाच व्हेरिएबलमध्ये लाख लाख वेळा एक मिळवतायत, तर शेवटी उत्तर किती? मी म्हणालो, दोन लाख. ते म्हणाले, नक्की? मी गप्प.

आता ऐका. एक मिळवणं हे आपल्याला एक काम वाटतं, पण मशीनसाठी ती तीन कामं असतात. जुना आकडा वाच, एक मिळव, परत लिही. दोघांनी एकाच वेळी ५ वाचला, तर दोघंही ६ लिहिणार. ७ व्हायला हवं होतं, एक वाढ गायब! म्हणून उत्तर बहुतेक वेळा दोन लाखांपेक्षा कमी येतं, आणि दर वेळी वेगळं येतं. या विषयात मला कॉलेजात ए ग्रेड होता, बरं का. आदल्या रात्री जुने पेपर वाचून मिळवलेला.

तर खोलल्यावर दिसलं की दोन पार्ट गेलेत. पहिला, पाया कच्चा. त्यासाठी एमटेक लागत नाही, एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत. दुसरा, माझी बॅच उलटून गेलेली. हा घरी बसून दुरुस्त होत नव्हता. त्यासाठी परत एका कॅम्पसमध्ये जाणं भाग होतं. तेव्हा कुठे मला एमटेक कशाला करायचं ते कळलं.

सप्टेंबरात फॉर्म भरला. आणि दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला. विलीनीकरणाची मागणी, आठवत असेल तुम्हाला. पप्पांचा पगार बंद. मी म्हणालो, राहू दे गेट, पुण्यात मिळेल ते काम धरतो. पप्पा काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवसापासून मित्राच्या गॅरेजवर जायला लागले. मी दहावीच्या सहा पोरांची शिकवणी धरली. सकाळी अभ्यास, संध्याकाळी शिकवणी.

फेब्रुवारी २०२२ ला पेपर. तीन तास, ६५ प्रश्न, १०० मार्क. सेंटर सोलापूर, आणि संप चालूच. एसटीवाल्याचा पोरगा वडापने परीक्षेला गेला! पप्पा सोडायला आले होते, ते त्या जीपकडे बघतच नव्हते.

रँक काही फार भारी आली नाही. आयआयटी नाही, महाराष्ट्राबाहेरची एक एनआयटी मिळाली. फीसाठी लोन काढलं. गेटवाल्यांना महिन्याला १२,४०० स्टायपेंड असतो, पण आमचा पहिले काही महिने आलाच नाही, मग एकदम आला. तोपर्यंत मेसचे पैसे मित्राकडून उसने. हे सांगतोय कारण फॉर्म भरताना हे कोणी सांगत नाही.

स्टायपेंडच्या बदल्यात आठवड्याला आठ तास लॅबमध्ये बीटेकच्या पोरांना मदत करायची असते. एक दिवस सेकंड इयरची एक मुलगी म्हणाली, "सर, माझा काउंटर दर वेळी वेगळं उत्तर देतोय, कॉम्प्युटर खराब आहे का?" मला इतकं हसू आलं! मी खुर्ची ओढली आणि तिला ते वाच, मिळव, लिही समजावून सांगितलं. बार्शी सोडल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण योग्य जागी आलोय.

२०२४ ला पण बाजार थंडच होता. पाच कंपन्यांनी नाही म्हटलं, सहाव्या कंपनीत घेतलं. डिग्रीने नोकरी हातात दिली नाही. पण मी परत रांगेत उभा राहू शकलो, आणि आत विचारलेल्याचं उत्तर मला येत होतं.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नावर. फॉर्म भरायच्या आधी तुझे सगळे नकार एका कागदावर लिही. कॉलच येत नसतील, तर अडचण बॅचची आहे की रेझ्युमेची ते बघ. टेक्निकलमध्ये पडत असशील, तर आधी तीन महिने घरी अभ्यास करून बघ. बोलण्यात अडकत असशील, तर दोन वर्षांचं एमटेक त्यावरचं औषध नाही, रोज बोलायची सवय लाव. आणि कागदावर काहीच सापडलं नाही, फक्त लोकांच्या प्रश्नांचा कंटाळा आला असेल, तर थांब. तो कंटाळा मला चांगलाच माहीत आहे. पण तेवढ्यासाठी लोन काढू नकोस.

आणि कारण सापडलं, तर बिनधास्त जा. मग त्याला पळ काढणं म्हणत नाहीत.

तुमच्या कागदावर काय निघालं ते मला व्हॉइस नोटने पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. चला, काळजी घ्या. आणि केस कापून या!