तुतारी एक, चिन्हं दोन

आज निवडणुकीविषयी बोलायचंय, पण कुठल्या पक्षाच्या बाजूनं नाही. आपल्या बचत गटात सगळ्याच पक्षांच्या घरातल्या बाया आहेत. मला बोलायचंय ते मशीनवरच्या चित्राविषयी.

आपला तालुका शिरूर, पण आमदारकीला आपण आंबेगाव मतदारसंघात मोडतो. नोव्हेंबर 2024 मध्ये इथं दिलीप वळसे पाटील 1523 मतांनी निवडून आले. त्यांच्यासमोर शरद पवार गटाचे देवदत्त निकम होते, चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. आता गंमत बघा. त्याच यादीत देवदत्त निकम नावाचे दुसरे एक अपक्ष उमेदवार होते. फक्त वडिलांचं नाव वेगळं. त्यांचं चिन्ह ट्रम्पेट, म्हणजे बँडवाल्यांचं वाजवायचं ते. त्यांना 2965 मतं पडली.

म्हणजे फरकाच्या जवळजवळ दुप्पट. यातली किती मनापासून दिलेली आणि किती चुकून पडलेली, हे कुणालाच सांगता येणार नाही, कारण मत गुप्त असतं. अपक्ष उभं राहायचा हक्क सगळ्यांना आहे, म्हणून त्या उमेदवाराला मी दोष देत नाही. पण एवढ्या कमी फरकात नुसत्या गडबडीनंही निकाल फिरू शकतो, हे मात्र खरं.

हे झालं कसं? राष्ट्रवादी फुटली. 6 फेब्रुवारी 2024 ला निवडणूक आयोगानं पक्षाचं नाव आणि घड्याळ अजित पवारांकडे दिलं. भांडण सुप्रीम कोर्टात गेलं. शरद पवार गटाला तुतारी वाजवणारा माणूस मिळाला. पण एवढं लांबलचक नाव घेतंय कोण? सगळे नुसतं ‘तुतारी’च म्हणायला लागले. आणि लोकसभेला अपक्षांच्या ट्रम्पेटचंही मराठी नाव ‘तुतारी’च होतं! साताऱ्यात शरद पवार गटाचे शशिकांत शिंदे 32,771 मतांनी पडले, आणि ट्रम्पेटवाल्या अपक्षाला 37,062 मतं मिळाली. आपल्या शिरूर लोकसभेत फरकच लाखाच्या पुढे होता, म्हणून इथं कुणाला ते जाणवलं नाही.

पक्षानं तक्रार केली. विधानसभेला नाव बदलून ‘ट्रम्पेट’ झालं, पण चित्र राहिलं. आयोगाचं म्हणणं, दोन्ही चिन्हं वेगळी आहेत. माणसाचं चित्र तेवढं ठळक करून दिलं. माझ्या मते हे पुरेसं नव्हतं. ज्या आजीला अक्षर वाचता येत नाही तिच्यासाठीच तर चिन्हं आली. मग ती एकमेकांपासून लांबूनसुद्धा वेगळी दिसायला नकोत का?

नावाचं तर कोर्टातही काही होत नाही. मे 2024 मध्ये सारख्या नावांच्या उमेदवारांविरुद्धची याचिका सुप्रीम कोर्टानं ऐकली नाही. आईबापांनी ठेवलेल्या नावामुळे कुणाला निवडणूक लढवण्यापासून कसं अडवणार, असा कोर्टाचा मुद्दा.

अमेरिकेत याच्या उलट तंटा आहे. न्यूयॉर्क राज्यात एकच उमेदवार दोन पक्षांच्या नावाखाली मतपत्रिकेवर दोनदा येऊ शकतो. काही राज्यांत त्याला बंदी आहे, आणि 1997 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी मान्य केली. बंदीसाठी राज्यानं मांडलेलं एक कारण मतदाराचा गोंधळ. आपल्याकडे मात्र एका उमेदवाराला एकच चिन्ह, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. गोंधळ येतो तो नावाचा आणि चित्राचा.

मग आपण काय करायचं? मशीनवर नावाशेजारी आता उमेदवाराचा फोटो असतो. आधी फोटो बघा, मग चिन्ह, मग बटण. अपक्षांची नावं यादीत शेवटी असतात, हेही ध्यानात ठेवा. बटण दाबल्यावर शेजारच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते. अनुक्रमांक, नाव, चिन्ह. ती बघूनच हला. मात्र आपल्या हातून चुकीचं बटण दाबलं गेलं तर मत परत फिरवता येत नाही, म्हणून जी काही घाई असेल ती बाहेर ठेवा. डोळ्यांनी दिसत नसेल तर सोबत एक माणूस नेता येतो, तशी केंद्रावर मागणी करायची.

पुढच्या मासिक बैठकीत हप्ते जमा झाले की प्रत्येकीनं कागदावर दोन्ही चित्रं काढून आणा, तुतारीवाला माणूस आणि ट्रम्पेट. ते कागद आपण सासूबाईंपुढे ठेवून बघू.