हलत्या जहाजावर परत उतरताना
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



प्रत्येकाने आपल्या छंदावर पाच मिनिटे बोलायचे असे ठरले आहे. माझा छंद ऐकून घरचे हसतात. मी संगणकावर लढाऊ विमान चालवतो. ‘डीसीएस वर्ल्ड’सारख्या खेळात सगळ्यांना लढाई आवडते, मला आवडते ते समुद्रातले जहाज शोधून परत येणे.

बारामतीच्या धावपट्टीवरून उडालेली शिकाऊ विमाने आपण गावावरून जाताना पाहतो. ती परत येतात तेव्हा धावपट्टी जागेवरच असते. विमानवाहू जहाज थांबत नाही. ते ताशी 20 सागरी मैलांनी चालले असेल, तर दीड तासात 30 सागरी मैल, म्हणजे सुमारे 55 किलोमीटर पुढे जाते. बारामतीत सोडलेले घर इंदापूरच्याही पुढे गेले म्हणा ना!

आधुनिक विमानात ‘टॅकन’ नावाचे यंत्र जहाजाची दिशा आणि अंतर सांगते. मी ते मुद्दाम बंद ठेवतो. मग उरतात घड्याळ, होकायंत्र, वेग आणि वारा. इथे आपल्या गणिताच्या तासाची आठवण येते. दिशा एक अंश चुकली, तर 60 मैलांवर साधारण एक मैल चूक होते. पाच अंश चुकली, तर 180 मैलांवर 15 मैल! धुरकट हवेत तेवढ्या अंतरावरचे जहाज दिसत नाही. खाली फक्त पाणी, आणि इंधनाचा काटा उतरत असतो.

यावर वैमानिकांची जुनी युक्ती आहे. ती आपल्याला कालव्यावरून लगेच कळेल. रात्री उसातून सरळ गावाचा नेम धरून निघालात आणि नीरा डाव्या कालव्यावर पोचलात, पण गाव दिसेना. आता उजवीकडे वळायचे की डावीकडे? म्हणून आधीच नेम गावाच्या वरच्या अंगाला धरायचा. कालवा लागला की पाण्याबरोबर चालायचे. जहाजाचा ठरलेला मार्ग हाच आपला कालवा. जहाज असेल असे वाटते त्याच्या 20 मैल पुढे तो मार्ग गाठायचा आणि जहाजाच्या दिशेने वळायचे. मग तेही आपल्याकडेच येत असते.

खेळात चुकले तर पुन्हा सुरू करता येते. डिसेंबर 1971 मध्ये ‘विक्रांत’वरून उडून कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले करणाऱ्या सी हॉकच्या वैमानिकांना ती सोय नव्हती. एकाच माणसाचे विमान; शेजारी नकाशा पाहणारा कोणी नाही. गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक ठेवले आहे. मुलांना घेऊन जरूर पाहा.

आपल्यातले बरेच जण पुण्या-मुंबईत, काही परदेशात आहेत. गावी आईवडील थकत आहेत, आणि गावही आपण सोडले तिथे उभे राहिलेले नाही. वैमानिक परतीचे इंधन किती लागेल हे उडण्याआधी ठरवतो आणि काटा तिथे आला की वळतो, काम अर्धे असले तरी. आपण तो आकडा ठरवला आहे का, एवढेच विचारतो.

आणि एक विनंती. शाळेने परवानगी दिली, तर महिन्यातून एका शनिवारी माझा संगणक घेऊन मी येईन. कोन आणि त्रिकोण कशाला शिकायचे, हे मुलांना जहाज शोधताना आपोआप कळेल.