पहलगाम राहिलं

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सांगितलं होतं, "तू काश्मीरला जाऊन आलीस ना, त्यावर दहा मिनिटं बोल." मी नको म्हणत होते. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत तिसऱ्या वाक्याला माझं पाठांतर अडकायचं हे इथे सगळ्यांना माहीत आहे. आज कागदावर लिहून आणलंय, त्यामुळे अडकले तरी वाचून दाखवीन.

काश्मीर हे आमच्या घरातलं जुनं प्रकरण आहे. माझे वडील वालीवला एका गाल्यात फिटर होते. 1990 च्या मे महिन्यात आम्हाला काश्मीरला न्यायचं म्हणून त्यांनी पैसे साठवले होते. पण 1989 च्या डिसेंबरात केंद्रीय गृहमंत्र्यांच्या मुलीचं श्रीनगरात अपहरण झालं, जानेवारीत पंडितांची कुटुंबं घरदार सोडून निघाली, आणि आमची सहल बारगळली. त्या पैशांतून घरावर पत्रे बसले. पुढे नववीत भूगोलाच्या बाईंनी झेलम नदी नकाशात भरायला सांगितली, तेव्हा मी ती निळ्या स्केचपेनने इतकी जाड काढली की बाई म्हणाल्या, "अगं, नदी आहे, मुंबई-अहमदाबाद हायवे नाही." बाई समोर हसताहेत, म्हणजे आठवतंय त्यांना.

तर या वर्षी मुलीची बारावी झाली आणि आम्ही ठरवलं. मी, हे, मुलगी आणि सासूबाई. 19 एप्रिलला विमानाने श्रीनगर. दुसऱ्याच दिवशी रामबनला ढगफुटी होऊन दरडी कोसळल्या आणि जम्मूकडचा महामार्ग बंद झाला. आम्हाला त्याचं विशेष काही वाटलं नाही, परतीचं तिकीट विमानाचंच होतं. 21 ला गुलमर्ग. तिथे गंडोलातून उतरल्यावर सासूबाईंना धाप लागली. मूळ बेत असा होता की 22 ला सकाळी पहलगामला निघायचं, दुपारपर्यंत पोचायचं आणि घोड्यावरून बैसरनला जायचं. पहलगामपासून पाच-सहा किलोमीटर वर ते कुरण, गाडी जात नाही, पायी नाही तर घोडा. मुलीने फोनवर त्याचे इतके व्हिडिओ पाहिले होते की तिला ते पाठ होतं. सासूबाईंसाठी आम्ही पहलगाम एक दिवस पुढे ढकललं. ती एवढी रुसली की 22 ला सकाळी शालिमार बागेत तिने एकही फोटो काढू दिला नाही.

दुपारी ट्यूलिप बागेत होतो. फुलं संपत आली होती, पाकळ्या गळलेल्या. आमचा ड्रायव्हर, त्याला आम्ही भाईजान म्हणायचो, बाहेर गाडीपाशी होता. आम्ही आलो तर तो फोन कानाला लावून उभा, आणि चेहरा पांढरा. म्हणाला, "बहनजी, गाडी में बैठिए. होटल चलते हैं." का, काय, काही नाही. रस्त्यात एक शब्द बोलला नाही.

तिकडे बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड कार्ड चालत नाही, फक्त पोस्टपेड चालतं. त्यामुळे आमच्या चौघांत यांचा एकच फोन जिवंत होता. संध्याकाळी पाचपासून तो वाजायला लागला तो रात्री दोनपर्यंत. वालीव, सातिवली, गोखिवरे, विरार, सगळीकडून. तुमच्यातल्या कितीजणांनी केले, मला माहीत आहे. ज्यांचे उचलले गेले नाहीत त्यांची आज माफी मागते, चार्जर एकच होता.

आकडे तुम्हाला ठाऊक आहेत. 26 माणसं गेली. 25 पर्यटक आणि एक तिथलाच घोडेवाला. आपल्या महाराष्ट्रातले सहा. त्यांतले तिघे डोंबिवलीचे, एकमेकांचे नातेवाईक, आमच्यासारखेच कुटुंबाला घेऊन गेलेले. आपण वसईहून दिव्याच्या गाडीत बसतो, कोपर येतं, त्याच्या शेजारचं स्टेशन डोंबिवली. इतकं जवळ. मला त्या रात्री नावं वाचवली नाहीत. मुलगी मात्र वाचत होती. मग ती आजीच्या पांघरुणात शिरली. अठरा वर्षांची मुलगी. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत एवढंच म्हणाल्या, "माझा दमा कधी नव्हे तो कामाला आला." त्यावर हसायचं की रडायचं आम्हाला कळेना.

दुसऱ्या दिवशी सगळं खोरं बंद होतं. हा बंद त्या हल्ल्याच्या निषेधाचा होता, हे इथे परत आल्यावर मला बऱ्याच जणांना दोन-दोनदा सांगावं लागलं. दुकानांची शटर खाली, लाल चौकात लोक उतरलेले, वर्तमानपत्रांची पहिली पानं काळी. आमच्या हॉटेलचा मालक स्वतः भात आणि राजमा घेऊन वर आला. बिल लावलं नाही. 24 ला भाईजान विमानतळावर सोडायला आला. राज्य सरकारने पर्यटकांसाठी खास विमानाची सोय केली होती, पण आम्हाला आमच्या विमान कंपनीनेच जास्तीचे पैसे न घेता तारीख बदलून दिली. भाईजानने चार दिवसांचे पैसे घेतले, शेवटच्या दोन दिवसांचे घेतले नाहीत. यांनी खिशात कोंबायचा प्रयत्न केला तर त्याने हात जोडले.

मग त्याने मला बाजूला बोलावलं. त्याचा पुतण्या पुण्याजवळ डिप्लोमाला आहे, हे तो आधी बोलला होता. म्हणाला, "बहनजी, वहाँ उसको कुछ होगा तो नहीं?" मी म्हणाले, "अजिबात काही होणार नाही. पुणं चांगलं आहे. काश्मीरच्या मुलांना शिकवणारी 'सरहद'सारखी संस्था आहे तिथे." आणि वर माझा नंबर दिला. काही लागलं तर बहिणीचं घर समज, असंसुद्धा म्हणाले.

मला जे सांगायचंय ते इथून पुढे आहे.

परत आल्यावर चौथ्या दिवशी त्या मुलाचा फोन आला. घरमालकाने खोली सोडायला सांगितली होती. तो शांत बोलत होता, तक्रार अशी नाहीच. म्हणाला, परीक्षा बाकी आहे, मधले आठ दिवस तुमच्याकडे राहू शकतो का? तेव्हा ठिकठिकाणी काश्मिरी मुलांना खोल्या सोडायला लावल्याच्या, मारहाणीच्या बातम्या येत होत्या. आमच्या इमारतीच्या ग्रुपवर काय काय येत होतं ते मी इथे वाचून दाखवणार नाही. मी त्याला म्हणाले, "घरात विचारून कळवते."

आणि मी विचारलं नाही. यांना सांगितलंच नाही. पोलीस पडताळणी लागेल, सोसायटीवाले काय म्हणतील, घरात वयात आलेली मुलगी आहे, असं सगळं मनातल्या मनात मांडत बसले. दोन दिवस गेले. दुसऱ्या रात्री सासूबाईंनी विचारलं, "भाईजानच्या पुतण्याचं काय गं?" त्यांना भाईजाननेच कळवलं होतं, त्यांचा आणि त्याचा रोजचा नमस्कार-सलाम सुरू होता. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तेव्हा मी आपल्या बॅचच्या, चिंचवडला राहणाऱ्या एकाला फोन केला. नाव घेऊ नकोस म्हणालाय, तो आज आलाय, तुम्ही ओळखाल. वीस वर्षांत मी त्याच्याशी लग्नाच्या आमंत्रणापलीकडे बोलले नव्हते. त्याने एकच विचारलं, "पत्ता पाठव." कामावरून सुटून परस्पर गेला, मुलाला शोधलं. दोन रात्री तो एका मित्राच्या गॅरेजमध्ये झोपला होता. आपला हा घरमालकाशी तासभर बोलला, तो काही बधला नाही, तेव्हा मुलाला सामानासकट स्वतःच्या घरी घेऊन गेला. परीक्षा होईपर्यंत तो तिथे राहिला. वहिनींनी त्याला थालीपीठ खायला लावलं, असं कळलं.

त्या मुलाला मी नंतर दोनदा फोन केला. उचलला नाही. मेसेजला उत्तर येतं, "जी आंटी, सब ठीक." भाईजानने मला आजवर एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्याचा धंदा बसला. 29 एप्रिलला सरकारने तिथली 87 पैकी 48 पर्यटनस्थळं बंद केली, मे महिन्यात युद्धासारखी परिस्थिती झाली, श्रीनगरचा विमानतळही काही दिवस बंद होता. जूनपासून काही ठिकाणं हळूहळू उघडली, पण गिऱ्हाईक कुठून येणार? मध्यंतरी त्याने गाडी दुसऱ्याला चालवायला दिली आणि स्वतः भावाच्या सफरचंदाच्या बागेत कामाला जात होता. आता पुन्हा गाडी चालवतो. मागच्या आठवड्यात त्याने बर्फाचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "माताजी का पहलगाम बाकी है."

सासूबाई म्हणतात जाऊया. मुलगी म्हणते बैसरन सोडून कुठेही. हे काही बोलत नाहीत, विमानाचे दर मात्र रोज बघतात. माझं अजून ठरत नाही. भीती वाटते हे खरंच आहे, गोळीची वाटते. पण विमानतळाच्या दारात तो गाडी घेऊन उभा असेल, त्याच्यासमोर जायचं मला त्याहून अवघड वाटतं.

बाईंनी घड्याळाकडे बघितलं, शाळेत असताना बघायच्या तसंच. पंगत थांबलीय.