मुक्या जिवाचे दुखणे आणि आगाऊ अनामत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटले, ते मी पाहिले. जेथे माणसांनाच औषधपाणी मिळत नाही, तेथे कुत्र्यामांजरांच्या शस्त्रक्रियेची चर्चा समाजवाद्यांनी कशासाठी करावी? प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. मात्र आधी एक प्रसंग सांगतो.

आमच्या शेजारच्या वस्तीत घरकाम करणाऱ्या एक बाई राहतात. त्या दिवसभर बाहेर असतात. घरी शाळकरी मुलगी आणि तिच्या सोबतीला एक गावठी कुत्री. या कुत्रीने चार दिवस अन्न टाकले होते. सारखी पाणी मात्र पीत होती. तपासणीचे पैसे वाचावेत म्हणून बाईंनी वाट पाहिली. पाचव्या रात्री ती उठेनाशी झाली. सरकारी दवाखाना संध्याकाळीच बंद झालेला. खासगी दवाखान्यात निदान झाले : गर्भाशयात पू साठला आहे, तत्काळ शस्त्रक्रिया करून गर्भाशय काढावे लागेल. खर्च १८ हजार रुपये. निम्मी रक्कम आधी. बाईंनी रात्रीतून ५ हजार जमवले आणि उजाडल्यावर त्या माझ्या दारी आल्या. रात्रीच का आला नाहीत, असे विचारले, तर म्हणाल्या, “सर, तुम्ही झोपला असाल.” आम्ही दवाखान्यात पोहोचलो तेव्हा कुत्री गेलेली होती.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. भूल, सलाईन, प्रतिजैविके, रात्रपाळीचा मदतनीस, जागेचे भाडे हे सारे खर्च खरेच असतात. दोष व्यवस्थेचा आहे. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली वैद्यकीय सेवेविषयी दाखवून दिले की, आजार केव्हा येईल हे ठाऊक नसते आणि उपचाराचे ज्ञान ग्राहकापेक्षा विक्रेत्याला अधिक असते. म्हणून ही सेवा इतर वस्तूंसारखी बाजारावर सोडता येत नाही. मध्यरात्री तडफडणारे जनावर घेऊन आलेला माणूस चार दुकाने फिरून भाव करू शकत नाही. त्याच्यापुढे दोनच वाटा असतात : कर्ज काढणे किंवा जीव जाऊ देणे.

यावर बाजारच स्पर्धेतून तोडगा काढील, असे सांगणारे लोक आहेत. त्यांनी ब्रिटनकडे पाहावे. तेथे २०१३ साली सुमारे १० टक्के पशुवैद्यकीय दवाखाने मोठ्या समूहांच्या मालकीचे होते. २०२४ पर्यंत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या जवळ गेले, आणि तेथील स्पर्धा प्राधिकरणाला या व्यवसायाची रीतसर चौकशी हाती घ्यावी लागली.

त्याच ब्रिटनमध्ये दुसरीही परंपरा आहे. १९१७ साली मारिया डिकिन या बाईंनी लंडनच्या व्हाइटचॅपल या कष्टकरी वस्तीतील एका तळघरात गरिबांच्या जनावरांसाठी मोफत दवाखाना उघडला. तेथे आलेली जनावरे म्हणजे श्रीमंतांची खेळणी नव्हती. गाडीवाल्याचे गाढव होते, मजुराचे कुत्रे होते. आपल्याकडेही परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय १८८०च्या दशकात दानातूनच उभे राहिले, आणि २०२४ साली महालक्ष्मीला टाटांच्या न्यासाने लहान प्राण्यांचे मोठे रुग्णालय उघडले. या कामांविषयी मला आदर आहे. परंतु दाता जेथे असेल तेथेच दान पोहोचते. सोलापूरच्या किंवा परभणीच्या झोपडपट्टीला महालक्ष्मी फार दूर आहे.

मग उपाय कोणता? नवे प्रासाद बांधा, असे मी म्हणत नाही. भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी २००१ च्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकलेली आहे. अनेक शहरांत त्यासाठी केंद्रे आहेत. तेथे शस्त्रक्रियागृह असते, पिंजरे असतात, पशुवैद्य असतात. आणि रात्री कुलूप असते. ज्या कुत्रीचे मी सांगितले तिची शस्त्रक्रिया आणि निर्बीजीकरण यांत लागणारे कौशल्य मूलतः एकाच जातीचे आहे. एवढेच नव्हे, तर वेळीच निर्बीजीकरण झाले असते तर तो आजारच उद्भवला नसता. स्थिर खर्च समाजाने आधीच केलेला आहे. उरतो तो रात्रपाळीचा आणि औषधांचा वाढीव खर्च.

म्हणून आपण चार मागण्या कराव्यात. पहिली, प्रत्येक महानगरपालिकेने निदान एका केंद्रात रात्रीची आपत्कालीन शस्त्रक्रिया सुरू करावी. भटक्या कुत्र्यांकडून संसर्ग होऊ नये म्हणून पाळीव जनावरांचा कक्ष वेगळा ठेवावा. दुसरी, दरपत्रक दारावर लावावे; पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांना सवलत द्यावी आणि आधी उपचार, मग हप्त्याने वसुली, हा नियम करावा. तिसरी, कुत्र्याच्या परवान्याचे शुल्क जेथे घेतले जाते तेथे त्यातील ठरावीक वाटा या निधीत जावा, म्हणजे बंगल्यातल्या कुत्र्याने झोपडीतल्या कुत्र्याचा थोडा भार उचलावा. चौथी, गरिबांच्या पाळीव जनावरांचे निर्बीजीकरण दिवसा नाममात्र दरात व्हावे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. माणसांच्या दवाखान्यातून एक पैसाही वळवा, असे मी सुचवलेले नाही. शिवाय प्राणिमात्रांविषयी करुणा हे १९७६ पासून घटनेने सांगितलेले नागरिकाचे कर्तव्य आहे आणि प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध हा विषय बाराव्या अनुसूचीने नगरपालिकांच्या कामांत घातलेला आहे. पण माझा खरा आधार घटनेच्या कलमांचा नाही. त्या घरात दुपारभर एकटी राहणारी मुलगी आता दाराला आतून कडी लावून बसते. गरिबाने जीव लावायचा असेल तर आधी खिसा तपासावा, असे जी समाजरचना सांगते, तिच्याशीच आपले भांडण आहे. मग तो जीव दोन पायांचा असो वा चार.

अंदाजपत्रकाचे दिवस जवळ येतील तेव्हा आपापल्या शहरातले निर्बीजीकरण केंद्र रात्री एकदा पाहून या. कुलूप दिसले, तर तेथूनच कामाला सुरुवात करा.