आधी प्रवेश की आधी पैसा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी मावळातली. पवना धरणाच्या काठाला आमचं गाव. वडील, म्हणजे आमचे आबा, भातशेती करतात. आई लोणावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात पाकिटं भरायला जाते. २८ गुंठे खाचर, दोन म्हशी आणि आईचा पगार, एवढ्यावर आम्ही तिघं भावंडं शिकलो. मी युरोपात दोन वर्षं भूजलाचा अभ्यास करून परत आले आणि त्यासाठी घरातून फी म्हणून एक रुपयाही गेला नाही. हे ऐकलं की लोक म्हणतात, "पोरगी नशिबाची." नशीब होतंच. पण त्याच्या आदल्या वर्षी मी घर जवळजवळ रस्त्यावर आणलं होतं. आज आधी तेच सांगते.

पदवीच्या शेवटच्या वर्षी मी एका सल्लागारांकडे गेले. ते म्हणाले, "आधी प्रवेश घ्या, पैशाचं नंतर बघू." मला ते पटलं. परदेशी विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं, गावात पेढे वाटले. पत्राचं दुसरं पान मी रात्री नीट वाचलं. जागा राखायची तर महिन्याभरात अनामत भरायची होती. वर्षाचा एकूण खर्च आमच्या घराच्या दहा वर्षांच्या कमाईहून जास्त होता. शिष्यवृत्तीसाठी विचारलं, तर उत्तर आलं, अर्जाची मुदत चार महिन्यांपूर्वीच संपली.

आबा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी बघते तर बांधावर एजंट आणि मुंबईचे एक गृहस्थ टेप लावून उभे. धरणाच्या पाण्याकडे तोंड असलेली जमीन आमच्याकडे बंगल्यासाठी हातोहात जाते. आई म्हणाली, "तू जा. आम्ही काय, मजुरीवर भागवू." लावणी तोंडावर आली होती, रोपं तयार होती. मी म्हटलं, "आबा, विसार घेऊ नका." त्यांनी एवढंच विचारलं, "मग तुझं वर्ष?" मी म्हटलं, "जाऊ द्या." त्या वर्षी मी परदेशाऐवजी चिखलात उतरले.

ते वर्ष मी दोन कामांत घालवलं. गावातल्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, आणि पैसा कुठे असतो याचा अभ्यास केला. पहिली गोष्ट कळली ती अशी, की आपल्याकडे ही वाट काही नवी नाही. आमच्या तळेगाव दाभाड्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा बंगला आहे. शाळेत असताना मी तो पाहिला होता. पण १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर, हे तपशील मी मोठेपणी वाचले. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना १९१७ साली परतावं लागलं. १९२० साली ते पुन्हा गेले, ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेलं कर्ज यांच्या बळावर. एवढ्या मोठ्या माणसालाही पैशाची जुळवाजुळव चुकली नाही. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी निधी काढला. त्याचा लाभ पहिल्यांदा मिळालेल्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. तो निधी आजही चालू आहे, मात्र ते कर्ज असतं, फेडावं लागतं.

म्हणजे मदत म्हटली की पहिला प्रश्न विचारायचा, ही देणगी आहे, कर्ज आहे की करार?

दुसरा प्रश्न, ही मदत कशाकडे बघून देतात? काही ठिकाणी घरची परिस्थिती बघतात. अमेरिकेत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी थोडीच विद्यापीठं पदवीला प्रवेश देताना परदेशी मुलाच्या खिशाकडे बघत नाहीत, आणि निवड झाली की लागेल तेवढी मदत देतात. प्रवेश मात्र फार कठीण. बाकी बहुतेक ठिकाणी "मला मदत हवी" असं लिहिलं की निवडीची शक्यता कमी होते, हे माहीत असावं. आपल्या शेजारच्या मुळशीत १९९७ पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. अकरावी-बारावीला तिथे परिस्थिती पाहून शिष्यवृत्ती मिळू शकते, आणि तिथून पुढे अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांत डेव्हिस निधीची मदत मिळते. डोंगरापलीकडचं हे कॉलेज मला बारावीनंतर कळलं!

काही ठिकाणी गुणवत्ता बघतात, उत्पन्न नाही. युरोपीय संघाची इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती तशी आहे. दोन-तीन देशांत मिळून पदव्युत्तर शिक्षण, फी माफ, वर दरमहा १४०० युरो. मला मिळाली ती हीच. विज्ञान आणि अभियांत्रिकीत अमेरिकेत पीएचडी करणाऱ्यांना बहुधा फी माफी आणि विद्यावेतन मिळतं.

तिसरी आपल्या सरकारची मदत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. समाजकल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. इतर प्रवर्गांसाठीही योजना आहेत. उत्पन्नाची मर्यादा आणि विद्यापीठांच्या क्रमवारीची अट बदलत असते, म्हणून शेजाऱ्याचं न ऐकता त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी.

आणि "फुकट" या शब्दाला भुलू नये. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, हे खरं. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे अकरा-बारा लाखांच्या घरात. ती बँकेत अडकवून ठेवायची. आमच्यासारख्यांना तेच तर नसतं.

माझी चूक काय झाली होती, ते आता मला कळलं. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने आधी प्रवेश बघावा. ज्याच्याकडे नाही त्याने आधी मदत बघावी, आणि मदत जिथे आहे तिथेच अर्ज करावा. बऱ्याच शिष्यवृत्त्यांच्या मुदती शिक्षण सुरू होण्याआधी आठ-दहा महिने संपतात. म्हणजे गणपतीत तयारी सुरू करावी आणि दिवाळीपर्यंत कागद हातात असावेत.

कागदांचंही सांगते. परिस्थिती बघणारी विद्यापीठं पगाराची पावती मागतात. शेतकऱ्याकडे ती कुठून येणार? अशा एका अर्जाला मी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा आणि डेअरीचं दुधाचं पुस्तक जोडलं, इंग्रजी भाषांतर केलं आणि एक पान लिहिलं, इतकं भात होतं, इतकं घरी खातो, इतकं विकतो. गरिबी लपवू नये आणि तिचं रडगाणंही गाऊ नये. आकडे लिहावेत.

आता शेवटचं. लाखांची शिष्यवृत्ती मिळाली, पण त्याआधी अडले होते ते हजारांवर. इंग्रजीच्या परीक्षेची फी सतरा-अठरा हजार, पासपोर्टचे दीड हजार, गुणपत्रिका, टपाल. ते पैसे कोणतीही शिष्यवृत्ती आधी देत नाही. माझ्या शाळेतल्या बाईंनी मला ते उसने दिले. पहिलं विद्यावेतन आलं तसे मी परत केले. बाईंनी ते घेतले आणि पुढच्याच महिन्यात गावातल्या दुसऱ्या एका मुलाला दिले.

तळेगावला १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांची ती कल्पना, प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा. लोकमान्यांनी ती उचलून धरली. आणि काच करायला शिकवली कुणी? जपान-अमेरिकेत ती विद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी. मावळात आज जमिनीचे व्यवहार कोटींत होतात. एकेका गावाने मुलांच्या पहिल्या खर्चापुरता असा एक पैसा फंड काढला, तर कुणाच्या बापाला बांधावर टेप लावून घ्यावी लागणार नाही.

आमचं खाचर अजून आमचंच आहे. यंदा इंद्रायणी लावलाय.